उष्टं पाणी

दुपारच्या निपचित शांततेत पलीकडच्या खोलीतली शिलाई मशीन एकदाच खडखडली आणि थांबली. विनताचा हात लॅपटॉपवर होता तिथेच राहिला. अज्जू बालवाडीतून येऊन, जेवून, गादीवर आडवातिडवा झोपला होता. त्याची एक टाच तिच्या मांडीला टेकलेली होती आणि त्या टाचेच्या भरवशावर तिने थोडं काम उरकून घ्यायचं ठरवलं होतं. त्या मशीनवर गेली कित्येक वर्षं इस्त्रीला द्यायचे कपडे साचत आले होते. तिला पायडल आहे, चाक आहे, ती चालते, हे घर विसरूनच गेलं होतं. ती पुन्हा खडखडली. एक सरळ टीप, मग कापड ओढल्याची सळसळ, मग पुन्हा तेवढीच टीप. ब्लाउज शिवताना अशी टीप पडत नाही, अभ्रा शिवतानाही नाही. कुठेतरी वळण येतं, हात अडतो. ही टीप साडीच्या पन्ह्याएवढी होती, आणि दर खेपेला तेवढीच. विनताला उठून बघायची गरज वाटली नाही. सासूबाई साडीला साडी जोडत होत्या.

नर्मदेला चढवायची चुनरी शिवली जात होती. जबलपुरात हे कोणाला समजावून सांगावं लागत नाही. नवस फेडायचा असला की बायका साड्या जोडतात, ते लांबलचक वस्त्र नावेतून पलीकडे नेतात, दोन्ही काठांवर माणसं टोकं धरतात आणि नदीच्या अंगावर ते पांघरलं जातं, मग टोकं सोडून तिलाच दिलं जातं. महाराजपूरच्या त्यांच्या कॉलनीतल्या बायका आठवडाभर रोज संध्याकाळी येत होत्या, पिशवीतून जुनी पण धड साडी काढून, "हमारी तरफ से भी, अंजनी दीदी," म्हणत ठेवून जात होत्या. विनता कामावरून येताना दारातल्या त्यांच्या चपला ओलांडायची, आत जाऊन हातपाय धुवायची आणि आपल्याला काही दिसलंच नाही असं वागायची. ते सोंग आता त्या खडखडाटाने मोडलं. चुनरी अज्जूची होती. तो पाच वर्षांचा व्हायच्या आत चढवायची होती, आणि तो सोमवारी पाचाचा होत होता. म्हणजे रविवार. आणि रविवारी नदीत विनताची चकरी फिरत असायला हवी होती.

चकरी हे नाव घाटावरच्या लोकांनी ठेवलेलं. कंपनीच्या कागदांत तिला लांबलचक नाव होतं, पण विनताच्याही तोंडी आता हेच बसलं होतं. लम्हेटाघाटाच्या अलीकडे, जिथे दोन्ही बाजूंचे खडक नदीला आवळत नेतात, तिथे दोन तराफ्यांच्या मध्ये पाण्यात सोडलेलं उभ्या पात्यांचं एक चाक. धरण नाही, बांध नाही, पाणी अडवणं नाही. प्रवाह जातो तसा जाऊ द्यायचा आणि जाता जाता त्याच्याकडून थोडंसं फिरणं मागून घ्यायचं. तेवढ्या फिरण्यावर घाटावरचे दिवे लागत होते, देवळाचा पंप चालत होता. तीन वर्षं ती या चाकामागे होती. आता महिनाभराची शेवटची परीक्षा चालू होती. चकरीने महिनाभर न थांबता फिरायचं. सोमवारी भोपाळहून माणसं येणार होती. तोवर चाक सलग फिरलं तर नदीवर पुढे अशा चकऱ्यांची ओळच लागणार होती. मध्ये थांबलं तर तराफे उचलून ट्रकवर चढवायचे आणि विनताने दुसरं काम बघायचं, इतका सरळ हिशेब. आणि चुनरीसाठी कापड पुरायचं तर नदी अरुंद हवी, चकरीला जोर मिळायचा तरी नदी अरुंदच हवी. दोघींना एकच जागा लागत होती.

ही परीक्षा सुरू व्हायच्या आधी, कार्तिकात एकदा कोणाची तरी ओढणी पात्यांत गेली होती. पुढे लावलेल्या जाळीत हार अडकत, नारळ अडकत, पण कापड सुळकन आत शिरतं. चाक अडखळलं, घोगरं झालं आणि थांबलं. तराफ्यावरचा राखणदार विष्णू आणि ती, दोघं पालथे पडून विळ्याने ते कापत बसले होते. लाल, जरीच्या काठाची, पाण्याने जड झालेली ओढणी आसाला पीळ देऊन अशी घट्ट बसली होती की एकेक वेढा वेगळा कापून सोडवावा लागला. विष्णू आपला कापत होता आणि म्हणत होता, "मैया, माफ करना, मैया, माफ करना," जणू रस्त्यात कोणाला धक्का लागला. तिला मात्र प्रत्येक कापासरशी वाटत होतं, हे कोणीतरी कोणासाठी तरी दिलेलं आहे. कोणाचं मूल? ताप उतरावा म्हणून, की आधीच उतरला म्हणून? त्या दिवशी घरी येऊन तिने झोपलेल्या अज्जूच्या कपाळाला उगाचच हात लावून पाहिला होता.

ती उठली. टाच मांडीवरून अलगद खाली ठेवली आणि पलीकडच्या दारात जाऊन उभी राहिली. अंजनीबाईंनी मान वर केली नाही. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, ओठांत दोरा. एका लाल साडीचं टोक पिवळीच्या टोकाला भिडत होतं आणि मागे जमिनीवर रंगांचा डोंगर झाला होता.

"उठला काय तो?"

"नाही."

"मग काहून उभी आहेस? कर नं आपलं काम. मी हळू चालवते."

"आई, रविवारीच करायचं का?"

"सोमवारी पाचवं पुरं होऊन राहिलं त्याचं. पाचवं पुरं व्हायच्या आत म्हटलं होतं. मागच्या साली तुझं ते चाक बसवणं निघालं. त्याच्या मागच्या साली तुझं भोपाळ. मी म्हटलं काही?"

"नाही."

"आता म्हणून राहिली. रविवारी."

विनताने दाराची चौकट धरली. हे वाक्य तिने गेले कित्येक दिवस बसमध्ये, भाजी निवडताना, अज्जूच्या बुटाची नाडी बांधताना मनात घोळवलं होतं. "मग चकरीच्या खाली देऊ या का? उताराकडे. तिथेही काठ जवळच आहेत. कापड पुरेल. वरून दिलं तर टोकं सोडल्याबरोबर ते सरळ पात्यांत जाणार."

मशीन थांबली. अंजनीबाईंनी ओठातला दोरा काढून बोटाला गुंडाळला. "चकरीच्या खाली. म्हणजे तुझ्या चाकातून निघालेल्या पाण्यावर?"

"पाणी तेच असतं, आई. त्याला काही होत नाही."

"काही होत नाही तर बिजली कशी निघते मग? काही तर काढून घेत असशील नं तिच्यातून."

विनताने जमिनीवरच्या साड्यांच्या ढिगाकडे पाहिलं.

"काढून घेतलं म्हणजे उष्टं झालं, बाई. उष्ट्यावर चुनरी चढवू मी? पहिला घास आपण खायचा आन् मग ताट देवीकडे सरकवायचं? अच्छा है."

राग आला तो या शेवटच्या 'अच्छा है'चा. की त्याच्या आधीचं सगळं खरं होतं त्याचा? चकरीच्या मागे पाणी मंदावतं. पुढे काही अंतर गेल्यावर बाजूचं पाणी येऊन त्याला सावरून घेतं, पण लगेच मागचं पाणी दमलेलं असतं. तिने ते स्वतः मोजलेलं होतं, त्या दमलेपणाचा रंगीत नकाशा तिच्याच लॅपटॉपमध्ये होता. आपण काय बोलतो आहोत हे कळायच्या आत ती बोलून गेली, "मग सगळीच उष्टी आहे, आई. वर बरगीचं धरण आहे. ते आधी पोटभर जेवतं आणि उरलेलं आपल्याकडे सोडतं. ते सोडतं तेव्हा आपल्या घाटाला धार येते. तुम्ही नर्मदे हर म्हणत बुडी मारता ते काय पहिल्या घासाचं पाणी आहे? अख्खी नदी उष्टी आहे."

अंजनीबाईंच्या चेहऱ्यावर राग आला असता तर बरं झालं असतं. त्यांनी नुसतं चाकावर हात ठेवला आणि ते थोडं मागे, थोडं पुढे फिरवलं, जसं काही बिघडलं आहे का ते बघतात. मग म्हणाल्या, "दार लोटून घे. पोराची झोप मोडेल."

ती परत गादीवर येऊन बसली. लॅपटॉपच्या पडद्यावर चकरीची हिरवी रेघ सरकत होती. घाटावरून पाठवली जाणारी, थोडी वर, थोडी खाली, पण चालू. ही रेघ बघायची तिला सवय लागली होती. भांडी घासताना फोन नळामागे उभा करून ती बघायची. तिचा नवरा पियूष एकदा म्हणाला होता, "अगं, पळून जाणार आहे का ती?" तिने हसून सोडून दिलं होतं. त्याला कसं सांगायचं की अशीच एक हिरवी रेघ तिने पूर्वी बघितली आहे, काचेच्या पेटीवर टांगलेली, आणि तेव्हा ती बघत राहिली म्हणूनच रेघ चालू राहिली असं तिच्या अंगात कुठेतरी पक्कं बसलं आहे. अज्जू सातव्या महिन्यात आला होता. तळहाताएवढा म्हणतात तसाच. त्याच्या नाकातली नळी त्याच्या बोटाहून जाड होती. नर्स म्हणायची, "हाथ मत लगाइए, बस देखिए," आणि ती बघायची. डोळ्यांनी काही देता येतं का कोणाला? देता येत असावं, नाहीतर माणूस इतका थकला नसता. आणि एका सकाळी, डॉक्टर तिच्याशी न बोलता पियूषला बाजूला घेऊन बोलले, तेव्हा ती काचेला कपाळ टेकून पुटपुटली होती. नवस अंजनीबाईंचा नव्हता. नवस तिचा होता. जिने वडिलांशी, अच्युत मास्तरांशी, लहानपणी देवघरात वाद घातले, जिला वाहत्या पाण्याची गणितं येत होती, ती म्हणाली होती, पाच वर्षांचा होऊ दे, त्याच्या आत तुला या काठापासून त्या काठापर्यंत चुनरी घालीन, अंगभर घालीन, कुठे कमी करणार नाही. मागे सासूबाई थर्मास घेऊन उभ्या होत्या. त्यांनी ऐकलं. पुढे एका शब्दाने त्याची आठवण दिली नाही, कोणाला सांगितलं नाही. अज्जू घरी आला, बसायला लागला, उशिरा का होईना चालायला लागला, आणि विनता ते पुटपुटणं दवाखान्याच्या बिलांबरोबर कुठेतरी ठेवून विसरली. त्या विसरल्या नव्हत्या. त्या तिचा शब्द तिच्यासाठी सांभाळत बसल्या होत्या, आणि ती त्यांना बरगीचं धरण दाखवत होती.

अज्जू झोपेत कूस बदलून पुन्हा तिच्याकडे सरकला. त्याच्या केसांना बालवाडीतल्या खडूचा वास येत होता. उष्टं, तिच्या मनात आलं, आणि आलेला शब्द जाईना. तो सहा महिन्यांचा असताना ती कामावर परत गेली होती. ऑफिसच्या सामानाच्या खोलीत, गुंडाळलेल्या केबलींच्या मध्ये, दाराला आतून खुर्ची लावून ती पंपाने दूध काढायची. त्या पंपाचाही एक आवाज होता, घ्यायचा आणि सोडायचा, घ्यायचा आणि सोडायचा. बाटली भरत असताना तिला आपण माणूस आहोत असं वाटायचं नाही, एखाद्या खडकात आवळलेल्या जागेसारखं वाटायचं, जिथून कोणीतरी काहीतरी काढून घेतंय आणि ज्याचं पुढे जायचं ते पुढे जातंय. घरी आल्यावर अज्जू छातीशी तोंड घासायचा आणि कधीकधी काही यायचंच नाही. तो रडायचा नाही. वर बघायचा. तेव्हापासून आजतागायत त्याला काय दिलं तिने? सकाळची घाई दिली. संध्याकाळी घाटावरून आलेली, डोक्यात अजून चाक फिरत असलेली बाई दिली. गोष्ट सांगताना मध्येच फोनकडे जाणारा डोळा दिला. उरलेलं, गार झालेलं. आणि तो ते कौतुकाने खात होता. बालवाडीत सांगायचा, "मेरी मम्मा की चकरी है, नदी में," आणि पोरं म्हणायची झूठा, आणि तो घरी येऊन पाय आपटायचा.

संध्याकाळी अनुपम सरांचा फोन आला. ते या कामाचे प्रमुख, बोलायला गोड, घाबरले की जास्तच गोड. "विनता, बस मंडे तक. तिच्याजवळ कोणी शिंकलं पण नाही पाहिजे. कुणाला जवळ जाऊ देऊ नकोस, तूसुद्धा जाऊ नकोस, ठीक है ना?" ती ठीक आहे म्हणाली. रविवारचं सांगायचं होतं, जीभ उचलली नाही. पियूष सिविल लाइंसमधल्या आपल्या ऑफिसातून आला तेव्हा त्याला सांगितलं. त्याने बूट काढता काढता आईच्या खोलीतल्या रंगीत डोंगराकडे पाहिलं, बायकोच्या तोंडाकडे पाहिलं आणि म्हणाला, "मी दोन्ही पार्ट्यांचा कार्यकर्ता आहे. तुम्ही ठरवा, मी नाव धरतो." तिला हसू आलं आणि त्या हसण्याने आणखी अस्वस्थ केलं. जेवताना अंजनीबाई नेहमीसारख्या बोलल्या, अधारतालला भाजी महाग झाली, बेबीच्या पोरीचं जमलं, सगळं. फक्त तिच्याकडे बघून नाही. रात्रभर विनता जागी नव्हती आणि झोपलेलीही नव्हती. कूस बदलली की वाटायचं, दुसऱ्या कुशीवर काहीतरी महत्त्वाचं राहून गेलं आहे.

शनिवारी सकाळी अज्जूने नेहमीप्रमाणे अर्धी पोळी दुधात कुस्करली आणि टाकून पळाला. वाटी कडेला लवंडली, गुळाचा चिकटा टेबलावर. विनता पुसायला फडकं शोधत होती तेवढ्यात अंजनीबाई तिथे बसल्या, वाटी पुढे ओढली आणि बोटांनी ते उरलेलं खायला लागल्या. सावकाश, चव घेत. खाता खाताच म्हणाल्या, "मी विचार केला. खाली देऊ."

विनताला आधी कळलंच नाही. "काय?"

"चुनरी. तुझ्या चाकाच्या खाली देऊ. नर्मदा माय आहे नं? मायले लेकराचं उष्टं चालते." वाटीच्या तळाशी राहिलेलं त्यांनी बोटाने निपटलं. "कोणती माय फेकून देते? आन् धरणाचं म्हणशील, तर ते धरणही कोण्या लेकराचंच. तिचीच लेकरं खाऊन राहिली तिच्या ताटात. तिले सवय आहे."

"आई, मी काल जे बोलले..."

"बोलली ते बोलली. चहा ठेव."

सुटायला हवं होतं. चकरी फिरत राहणार, चुनरी चढणार, सासूबाई बोलू लागल्या, सोमवारी भोपाळची माणसं येणार. जे जे हवं होतं ते सगळं एका वाटीच्या तळातून निघालं होतं. विनताने चहा ठेवला, आलं किसलं, आणि किसता किसता तिच्या लक्षात आलं की छातीवरचं ओझं उतरलेलं नाही, फक्त बाजू बदलून बसलं आहे. काल कोणीतरी अडवत होतं, तेव्हा ढकलता येत होतं. आता कोणी अडवत नव्हतं. आता शब्द होता आणि ती होती. अंगभर घालीन, कुठे कमी करणार नाही. असं म्हणताना काचेला टेकलेलं कपाळ गार पडलं होतं, ते गारपण तिला आत्ता, गॅससमोर, जसंच्या तसं आठवलं. तिने त्या वेळी हिशेब केला नव्हता. उताराकडचं पाणी की चढाकडचं असं ठरवलं नव्हतं. आयुष्यात एकदाच ती न मोजता बोलली होती. नर्मदा ऐकते का, हा प्रश्न तिला पडत नव्हता. तो तिने वडिलांबरोबर केव्हाच मिटवला होता. तिला छळत होतं ते दुसरंच. चालतं म्हणून दिलेलं आणि द्यायचं म्हणून दिलेलं, यांत फरक असेल तर तो कोणाला कळतो? घेणाऱ्याला कळतो का? अज्जूला कळत असेल? दिवसभर ती हे मागे टाकत राहिली आणि ते पुढे येऊन उभं राहत राहिलं.

रविवारी सकाळी घाटावर ऊन नुकतं पसरत होतं. पाण्यावरून धुक्याची पट्टी सरकत होती आणि बरगीने पाणी सोडलेलं असावं, कारण खडकांच्या मधून धार भरून वाहत होती. चकरी जोरात होती. तिचा तो संथ, ओला घरघराट घाटाच्या पायऱ्यांवर चढून येत होता. कॉलनीतल्या बायका टेम्पोतून उतरल्या, चुनरीच्या घड्या डोक्यावर घेऊन ओळीने खाली आल्या, एक वाकली की सगळ्या थांबायच्या आणि मागची म्हणायची, "अरे चलो ना, बारात है क्या?" पियूष खरोखर नाव धरून उभा होता. नवी टोपी घातलेला अज्जू पायऱ्यांवरून ओरडून सगळ्यांना सांगत होता, "वो देखो, वो मेरी मम्मा की!" आणि आज तर डोळ्यांसमोर असल्याने कोणी त्याला झूठा म्हणत नव्हतं. अंजनीबाई चकरीच्या खालच्या अंगाला, ठरल्याप्रमाणे, एका सपाट खडकावर जाऊन उभ्या राहिल्या. त्यांनी हळद-कुंकू काढलं, नारळ काढला, पाण्याकडे पाहिलं. विनताने त्यांचं पाहणं पाहिलं. चाकाच्या मागे पाणी गुळगुळीत आणि मंद झालं होतं, त्यात बारीक भोवरे उठून जागच्या जागी विरत होते. तिथे वाकून त्यांनी ओंजळ भरली, क्षणभर धरली, आणि कपाळाला लावायच्या ऐवजी हळूच परत सोडली. त्यांच्या स्वतःच्याही लक्षात आलं नसेल. हात आपोआपच तसा गेला.

विनता वळली. ती तराफ्यापर्यंत कशी गेली, फळीवरून चालताना चपला हातात कधी घेतल्या, तिला नंतर आठवलं नाही. पायाखाली चाकाची थरथर तळव्यांतून गुडघ्यांत चढत होती. तीन वर्षं. पहिल्यांदा फिरलं होतं तेव्हा ती आणि विष्णू लहान मुलांसारखे ओरडले होते. तिने खाली पाहिलं. पाती हिरव्या पाण्यातून वर येत होती, चमकत होती, बुडत होती, आणि किती सुंदर दिसत होती हे तिला आत्ताच का दिसावं.

"विष्णू भैया, उठा लो."

विष्णूने विडी खाली केली. "क्या उठा लें, दीदी?"

"चक्का. ऊपर ले लो."

"अभी? दीदी, कल तो साहब लोग... एक दिन की बात है."

"मालूम है. उठा लो."

विष्णूने साखळीला हात घातला, तोंडातल्या तोंडात "मैया, माफ करना" म्हणाला, आणि ती पुढे होऊन त्याच्याबरोबर साखळी ओढायला लागली. लोखंड थंड होतं. चाक जड होऊन, पाण्याला चिकटून, ठिबकत वर आलं. घरघराट थांबला. घाटावरच्या कोणाच्या तो आवाज आतापर्यंत लक्षातही आला नसावा, पण तो थांबल्याबरोबर सगळ्यांनी एकदम माना वळवल्या. खिशात तिचा फोन थरथरायला लागला. रेघ तुटली की तो आपोआप अनुपम सरांनाही कळवायचा. तिने तो बाहेर काढला नाही.

"अव्वा! हे काय करून राहिली तू?" अंजनीबाई खडकावरून जवळजवळ धावतच आल्या. धाप लागलेली, कुंकवाची डबी हातात तशीच उघडी. "मी चालते म्हटलं नं तुले! खाली देऊन राहिलो होतो नं आपण! मग काहून थांबवली?"

"आपण वर देऊ, आई. चढाकडे."

"अगं पण तुझं काम! तीन साल झिजली तू त्याच्या मागे. मी काय आंधळी आहे? मले काय ते नको होतं?" त्यांचा आवाज फाटला आणि विनताला तेव्हा कळलं की कालची वाटी त्यांनी सहज ओढलेली नव्हती, तिच्या चाकासाठी त्यांनी आपला देव थोडा खाली सरकवून घेतला होता. आणि आता तीच तो परत वर ठेवत होती, त्यांना न विचारता. तिने त्यांच्या हातातली उघडी डबी घेतली, झाकण लावलं आणि परत दिली. "चला," ती म्हणाली. "ऊन चढतंय."

चुनरी चकरीच्या वरच्या अंगाने गेली. पियूषच्या नावेमागून ती घडी घडी उलगडत पाण्यावर उतरली, लाल, पिवळी, केशरी, पुन्हा लाल, प्रवाहाने तिला मधोमध बाक आणला, आणि पलीकडच्या काठावर टोक पकडलं गेलं तेव्हा बायकांनी एकदम "नर्मदे हर" केलं. अंजनीबाई रडत होत्या, नेमकं कशासाठी ते त्यांनाही सांगता आलं नसतं. मग टोकं सोडली. कापड सैल झालं, लांबलं, उचललेल्या चाकाखालून, दोन तराफ्यांच्या मधून, कुठेही न अडकता निघून गेलं. खिशातला फोन दमून गप्प झाला आणि पुन्हा सुरू झाला. विनता पायरीवर बसली होती. आपल्याला हलकं वाटतंय की रिकामं, हे ती चाचपून बघत होती आणि दोन्हींपैकी काहीच हाताला लागत नव्हतं. उद्या ट्रक येईल. किंवा अनुपम सर आज रात्रीच येतील, गोड बोलतील. तिला फक्त बसून राहावंसं वाटत होतं, आणि बसवत नव्हतं.

अज्जू येऊन तिच्या गुडघ्यांच्या मध्ये उभा राहिला. टोपी मागे सरकलेली. तो चुनरीकडे बघत नव्हता. तो वर टांगलेल्या, अजून ठिबकणाऱ्या चाकाकडे बघत होता.

"मम्मा, चकरी बंद क्यों की?"

"चुनरी जायची होती ना. अडकली असती."

"चुनरी किसकी है?"

"तुझी. तू आलास ना आमच्याकडे, म्हणून नदीला दिली."

तो तिच्या गुडघ्यावर बोटाने गोल काढत राहिला, एकदा इकडून, एकदा तिकडून. पलीकडे अंजनीबाई प्रसादाचा नारळ फोडत होत्या आणि कोणीतरी त्यांना, "दीदी, बच्चे को पहले दो," म्हणत होतं. अज्जूने मान वर केली. आजीशी बोलतो तसा, नीट जुळवून, मराठीत तो म्हणाला,

"आणि मी नसतो आलो, तर तुझी चकरी फिरत राहिली असती?"